एआय आणि सर्जनशील काम: नैतिकतेबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लेखक, चित्रकार, अनुवादक, गायक, संपादक आणि त्यांच्याकडून काम करून घेणारी मंडळी यांचे सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. आधी प्राथमिक, मग अडचणीचे. उत्तरं सुटी वाचली तरी चालतील. एखादा मुद्दा दुसरीकडे आला असेल तर त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. कायद्याचे दाखले माहितीपुरते आहेत. प्रत्यक्ष वाद उभा राहिला तर वकील गाठावा.

१. सर्जनशील कामात एआय वापरणं मुळातच चूक आहे का?

याला एका शब्दात उत्तर नाही, कारण ‘एआय वापरणं’ यात फार काही येतं. ध्वनिमुद्रणातली घरघर काढणं वेगळं आणि ‘अमक्या चित्रकाराच्या धाटणीत मुखपृष्ठ काढून दे’ असं सांगणं वेगळं. म्हणून तीन गोष्टी सुट्या करून विचाराव्यात: मॉडेलमध्ये (म्हणजे असंख्य नमुन्यांवरून शिकून मजकूर किंवा चित्र तयार करणाऱ्या प्रणालीत) काय घातलं गेलं, त्यातून काय बाहेर आलं आणि लोकांना काय सांगितलं गेलं. बहुतेक भांडणं होतात ती एक जण पहिल्याबद्दल बोलतो आणि दुसरा तिसऱ्याबद्दल, म्हणून. रीतसर परवाने घेतलेल्या चित्रांवरच मॉडेल शिकलेलं असलं, तरी त्यातून आलेलं चित्र ‘हाताने काढलं’ म्हणून खपवलं तर ती फसवणूकच. उलट, एआय वापरल्याचं प्रामाणिकपणे सांगितलं म्हणून ज्यांची चित्रं न विचारता घेतली त्यांची तक्रार मिटत नाही.

२. माझं चित्र मॉडेलच्या आत साठवलेलं असतं का?

सहसा नाही, पण कधीकधी हो. शब्दांवरून चित्र काढणाऱ्या ‘स्टेबल डिफ्यूजन’ या मॉडेलच्या सुरुवातीच्या आवृत्तीचं उदाहरण घ्या. दोन अब्जांहून जास्त चित्रांवर शिकलेल्या या मॉडेलची फाइल सुमारे ४ जीबीची होती. म्हणजे एका चित्रामागे जेमतेम दोन बाइट. यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीतला एक ‘क’ साठवायलाच तीन बाइट लागतात, तेव्हा एवढ्या जागेत सगळी चित्रं दाटीवाटीने बसवली आहेत हे म्हणणं टिकत नाही.

पण जे चित्र ट्रेनिंगच्या, म्हणजे मॉडेलला शिकवण्याच्या, डेटात शेकडो वेळा आलेलं असतं, ते मॉडेलला जवळजवळ पाठ होऊन बसतं. २०२३ मध्ये संशोधकांनी याच मॉडेलच्या डेटातली सर्वाधिक वेळा आलेली ३,५०,००० चित्रं निवडली आणि त्यांच्या मथळ्यांवरून चित्रं काढून घेतली. त्यांतली शंभराच्या आसपास मूळ चित्राची नक्कल म्हणावी अशी निघाली. प्रमाण किरकोळ, पण शून्य नाही. लोकप्रिय गाण्यांचे शब्द, गाजलेले फोटो, सगळीकडे चिकटवलेले लोगो यांना हा धोका जास्त.

न्यायालयांचंही यावर एकमत नाही. ४ नोव्हेंबर २०२५ रोजी लंडनच्या उच्च न्यायालयाने ‘गेटी इमेजेस’ या छायाचित्रं पुरवणाऱ्या कंपनीच्या खटल्यात मॉडेल म्हणजे चित्रांची प्रत नव्हे असं ठरवलं. आठवड्याभरात, ११ नोव्हेंबरला, जर्मनीतल्या म्युनिकच्या न्यायालयाने ‘गेमा’ या संगीतकारांच्या संस्थेच्या खटल्यात नेमकं उलट म्हटलं: गाण्याचे शब्द मॉडेलला पाठ असणं हीच प्रत. दोन्ही निकाल पहिल्या पायरीवरचे आहेत.

३. माणूससुद्धा दुसऱ्यांचं बघून-वाचूनच शिकतो. मग यंत्राला वेगळा न्याय का?

एआयच्या बाजूने सर्वांत जास्त वेळा येणारा युक्तिवाद हाच, आणि तो तितका पोकळ नाही. जून २०२५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एकाच संघीय न्यायालयातले दोन न्यायाधीश दोन दिवसांच्या अंतराने यावर वेगवेगळं बोलले. न्या. विल्यम अल्सप म्हणाले, मुलांना चांगलं लिहायला शिकवलं आणि त्यातून नवं लेखन जन्माला आलं तर मूळ लेखकाची तक्रार ऐकून घेता येत नाही, हेही तसंच. न्या. विन्स छाब्रिया यांना ही तुलना पटली नाही. पुस्तकं वाचून एक माणूस लेखक होणं आणि त्याच पुस्तकांच्या जिवावर एका यंत्राने अगणित प्रतिस्पर्धी मजकूर काढणं यांचा बाजारावर होणारा परिणाम सारखा नसतो, हा त्यांचा मुद्दा.

आमच्या मते छाब्रियांचं म्हणणं कलाकाराच्या अनुभवाच्या जास्त जवळचं आहे. शिकणारा माणूस पुस्तक विकत घेतो किंवा ग्रंथालयातून आणतो, दहा वर्षं खपतो आणि शिकून झाल्यावरही दिवसाला एकच दिवसाचं काम करतो. यंत्राच्या बाबतीत यातलं काहीच लागू नाही. ‘शिकणं’ हा शब्द दोन्हीकडे वापरला जातो म्हणून गोष्टही एकच आहे असं होत नाही.

४. परवानगीशिवाय पुस्तकं किंवा चित्रं ट्रेनिंगला वापरणं कायदेशीर आहे का?

देशागणिक उत्तर बदलतं.

जपानने २०१८ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून कृतीचा आस्वाद घेण्यासाठी नसलेल्या डेटा-विश्लेषणाला (ट्रेनिंग त्यातच येतं) मोठी मोकळीक दिली. युरोपीय संघाच्या २०१९ च्या निर्देशानुसार असं विश्लेषण चालतं, मात्र हक्कधारकाने यंत्राला वाचता येईल अशा रीतीने नकार नोंदवला असेल तर व्यावसायिक कामासाठी ते करता येत नाही. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात डेटा-विश्लेषणासाठी वेगळं कलम नाही. तिथे वाद कलम ५२ मधल्या ‘रास्त वापरा’भोवती, म्हणजे परवानगीशिवाय कोणता वापर चालतो याभोवती, फिरतो. २०२४ मध्ये ‘एएनआय’ या वृत्तसंस्थेने ‘चॅटजीपीटी’ बनवणाऱ्या ‘ओपनएआय’विरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात दाखल केलेला दावाही त्याच अंगाने जातो.

अमेरिकेतला सर्वांत बोलका निकाल लेखकांनी ‘अँथ्रॉपिक’ या एआय कंपनीविरुद्ध लढलेल्या खटल्यातला. विकत घेऊन, बांधणी सोडवून स्कॅन केलेल्या पुस्तकांवरचं ट्रेनिंग न्या. अल्सप यांनी रास्त वापर मानलं. पायरेट साइटवरून उतरवलेल्या पुस्तकांचा साठा करणं मानलं नाही. त्यानंतर कंपनीने १५० कोटी डॉलरची तडजोड केली, पुस्तकामागे साधारण ३,००० डॉलर.

यात लेखकांसाठी एक कोरडा पण महागाचा धडा आहे. तडजोडीच्या यादीत येण्यासाठी पुस्तकाची अमेरिकी कॉपीराइट कार्यालयात ठरावीक मुदतीत नोंदणी झालेली असणं ही अट होती. ज्यांची नोंदणी नव्हती त्यांचं पुस्तक त्या साठ्यात असूनही हाती काही आलं नाही. कॉपीराइट आपोआप मिळतो हे खरं, पण भरपाई मागायच्या वेळी नोंदणीचा कागद कामाला येतो.

५. माझ्या वेबसाइटवरचं काम ट्रेनिंगला जाऊ नये म्हणून काय करता येईल?

साइटच्या मुळाशी ‘रोबॉट्स’ नावाची साधी टेक्स्ट फाइल असते. तिच्यात ज्या बॉटला (आपोआप साइट वाचत फिरणाऱ्या प्रोग्रामला) रोखायचं त्याचं नाव ‘युजर-एजंट’ या ओळीत आणि खालच्या ओळीत ‘डिसअलाउ’पुढे एक तिरकी रेघ, एवढं पुरतं. ओपनएआयचा ‘जीपीटीबॉट’, कॉमन क्रॉलचा ‘सीसीबॉट’, अँथ्रॉपिकचा ‘क्लॉडबॉट’ आणि गूगलचं ‘गूगल-एक्सटेंडेड’ ही नावं तरी हवीतच. शेवटचं नाव घातलं तर गूगल सर्चमधली आपली जागा जाईल, ही भीती अनेकांना असते; तसं होत नाही.

चुका कुठे होतात? फाइल एखाद्या फोल्डरमध्ये ठेवली जाते. ती मुळाशीच हवी. ब्लॉग वेगळ्या सबडोमेनवर असेल तर त्याला स्वतंत्र फाइल लागते. समाजमाध्यमांवर टाकलेल्या किंवा दुसऱ्यांनी उचलून नेलेल्या प्रतींना यातलं काहीच लागू होत नाही. आणि ही विनंती आहे, कुलूप नव्हे: न पाळणारा बॉट सरळ आत येतो. त्याला अडवायचं तर सर्व्हरच्या किंवा होस्टिंगच्या पातळीवर रोखावं लागतं. आधीच उचललेलं परत येत नाही, हे वेगळं सांगायला नको.

६. ग्लेझ किंवा नाइटशेड लावलं तर चित्र सुरक्षित होतं का?

काही अंशी, काही काळ. दोन्ही साधनं शिकागो विद्यापीठातली, मोफत. ग्लेझ (२०२३) चित्रात असे सूक्ष्म बदल करतं की मॉडेलला तुमची शैली वेगळीच भासते. नाइटशेड (२०२४) त्यापुढे जाऊन चित्रातल्या वस्तूबद्दलच मॉडेलची दिशाभूल करतं. एखाद्याने तुमची पंधरावीस चित्रं गोळा करून तुमच्या शैलीचं छोटं मॉडेल बनवायला घेतलं, तर ग्लेझचा अडथळा नक्की होतो. मात्र हे थर पुसणाऱ्या पद्धतीही संशोधकांनी दाखवल्या आहेत. २०२५ मधलं ‘लाइटशेड’ त्यांपैकी एक.

हे थर चित्राच्या वेबवर टाकायच्या लहान प्रतीवरच लावा, मूळ फाइलवर कधीही नाही. सपाट रंगाच्या मोठ्या भागांवर, म्हणजे निरभ्र आकाश किंवा कोरी भिंत, डाग दिसतात. तिथे तीव्रता कमी ठेवा. छपाईला जाणाऱ्या फाइलवर चुकून लावलंत तर मुद्रक तुम्हालाच फोन करील.

७. ‘अमक्याच्या शैलीत’ असा प्रॉम्प्ट (एआयला लिहून दिलेली सूचना) देणं चूक आहे का? शैलीवर तर कॉपीराइट नसतो ना?

नसतो, हे बरोबर. कॉपीराइट मांडणीला मिळतो, कल्पनेला नाही. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये आर. जी. आनंद खटल्यात हेच सांगितलं. पण कायदा थांबतो तिथे रास्तपणाचा प्रश्न सुरू होतो.

आम्ही वापरतो ती कसोटी अशी: तो कलाकार हयात आहे का, त्याच प्रकारची कामं घेतो का, आणि तुमच्या चित्रामुळे त्याला मिळू शकणारं काम जाणार आहे का? तिन्हींचं उत्तर ‘हो’ असेल तर कायदेशीर असलं तरी करू नका. त्याच्याकडूनच काम करून घ्या. शंभर वर्षांपूर्वीच्या एखाद्या संप्रदायाचं नाव देणं यात बसत नाही. ‘जाड रेषा, मर्यादित तीन रंग, लिथो छपाईचा खडबडीतपणा’ असं वर्णन केलंत तर नावाची गरजही पडत नाही आणि हवं ते बहुधा जास्त नेमकं मिळतं. नाव घालणं हा बऱ्याचदा आळस असतो.

८. मी प्रॉम्प्ट लिहिला, चित्र आलं. ते माझं का?

वापरायचा हक्क आणि कॉपीराइट या दोन गोष्टी आहेत. वापरायचा हक्क साधनाच्या अटींतून येतो आणि फुकट व पैसे भरलेल्या खात्यांत तो वेगळा असू शकतो. म्हणून काम केलं त्या दिवशीच्या अटींची पीडीएफ जपून ठेवा.

कॉपीराइटचं म्हणाल तर अमेरिकेत माणसाचा हात लागतो. एआयलाच कर्ता दाखवून केलेला अर्ज कॉपीराइट कार्यालयाने नाकारला; २०२३ मध्ये न्यायालयाने तो नकार कायम ठेवला, मार्च २०२५ मध्ये अपिलातही तेच झालं. २०२२ मध्ये कोलोरॅडो राज्याच्या मेळ्यात बक्षीस मिळवलेल्या एका एआय चित्रासाठी किमान ६२४ प्रॉम्प्ट दिल्याचं कर्त्याने सांगितलं, तरी नोंदणी मिळाली नाही. चीनमध्ये बीजिंगच्या इंटरनेट न्यायालयाने २०२३ मध्ये मात्र प्रॉम्प्ट आणि सेटिंगच्या निवडीला कर्तृत्व मानलं. भारताच्या कायद्यात संगणकनिर्मित कृतीचा कर्ता म्हणजे ‘ती घडवून आणणारी व्यक्ती’ अशी व्याख्या आहे. पण ती १९९४ च्या दुरुस्तीतली, तेव्हा असलं यंत्र कोणाच्या मनातही नव्हतं. २०२० मध्ये तिथे ‘राघव’ नावाच्या एआयला सहकर्ता दाखवणारी नोंदणी झाली आणि पुढे कार्यालयानेच ती मागे घेण्याची नोटीस काढली.

व्यवहारात याचा अर्थ एवढाच: बोधचिन्ह किंवा पुस्तकमालिकेचं मुख्य पात्र यांसारखी जी गोष्ट उद्या दुसऱ्याने उचलली तर तुम्हाला अडवायची आहे, ती निव्वळ प्रॉम्प्टवर सोडू नका.

९. मग किती टक्के बदल केला की ते माझं होतं? ३० टक्के पुरतात असं ऐकलंय.

असा कोणताही टक्का कोणत्याही कायद्यात नाही. ही अफवा एआयच्या आधीपासून फिरते आहे. मोजलं जातं ते माणसाने काय ठरवलं आणि ते शेवटच्या कृतीत दिसतं का. २०२३ मध्ये एका चित्रकथेच्या बाबतीत अमेरिकी कार्यालयाने लेखिकेचा मजकूर आणि चौकटींची मांडणी यांना संरक्षण दिलं. एआयची एकेक चित्रं वगळली. स्वतःचं रेखाटन देऊन त्यावर एआयने रंग भरले असतील आणि तुमची रेषा निकालात ओळखू येत असेल, तर त्या रेषेपुरता हक्क तुमचा. रंग थोडे गडद करणं, कडा कापणं, आकार वाढवणं याने काही होत नाही.

१०. वाचकाला किंवा ग्राहकाला सांगावं लागतं का? शुद्धलेखन तपासलं तेही सांगू?

शुद्धलेखन तपासलं ते सांगायची गरज नाही. आम्ही लावतो ती साधी फूटपट्टी: हे नंतर कळलं तर समोरच्याला फसल्यासारखं वाटेल का? वाटणार असेल तर आधी सांगा. अमेझॉनच्या स्वयंप्रकाशन सेवेने सप्टेंबर २०२३ पासून हाच भेद नियमात आणला. एआयने तयार केलेला मजकूर, चित्र किंवा अनुवाद पुढे कितीही सुधारला तरी कंपनीला कळवावा लागतो. स्वतः लिहून एआयकडून तपासून घेतलं तर नाही.

सांगायचं तर नेमकं सांगा. ‘या पुस्तकात एआयची मदत घेतली आहे’ या वाक्यातून काहीच कळत नाही. त्याऐवजी असं लिहा:

‘प्रकरण ३ मधील तक्ते एआयने मांडले; आकडे लेखकाने मूळ अहवालाशी ताडून पाहिले.’

‘मुखपृष्ठावरील पार्श्वभूमी एआयनिर्मित, अक्षरलेखन आणि मानवाकृती चित्रकाराच्या.’

ग्राहकाला हे काम सुरू होण्याआधी आणि लेखी सांगायचं, बिलाबरोबर नव्हे.

११. संपादक म्हणून माझ्याकडे आलेलं हस्तलिखित एआयमध्ये टाकून सारांश काढला तर बिघडलं कुठे?

ते हस्तलिखित तुमचं नाही, इथेच बिघडलं. अप्रकाशित मजकूर तिसऱ्याच्या सर्व्हरवर जातो. काही सेवांमध्ये, विशेषतः फुकट खात्यांत, तो ट्रेनिंगला वापरण्याची मुभा मूळ सेटिंगमध्येच चालू असते. लेखकाची लेखी परवानगी घ्या, ट्रेनिंगची मुभा बंद करा आणि शक्य असेल तर आपल्याच संगणकावर चालणारं मॉडेल वापरा. एक खबरदारी आणखी: मजकूर एकदा गेल्यावर मुभा बंद केली तर पुढचं थांबतं, मागचं नाही.

स्वीकार-नकार मात्र सारांश वाचून ठरवू नका. कथेची लय, तिचा तिरकेपणा सारांशात सर्वांत आधी गळतो, आणि निवड तर त्यावरच करायची असते.

१२. एआय डिटेक्टरने ‘९० टक्के एआय’ दाखवलं. हा पुरावा मानायचा का?

नाही. ओपनएआयने स्वतःचा डिटेक्टर जानेवारी २०२३ मध्ये आणला आणि अचूकता कमी म्हणून जुलैमध्ये बंद केला. कंपनीच्याच चाचणीत तो एआयचा फक्त २६ टक्के मजकूर ओळखत होता आणि माणसांनी लिहिलेल्या ९ टक्के मजकुराला एआयचा ठरवत होता. म्हणजे शंभर प्रामाणिक लेखकांमागे नऊ जणांवर आळ. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी सात डिटेक्टर तपासले: इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी परीक्षेत लिहिलेल्या निबंधांपैकी सरासरी ६१ टक्के ‘एआयचे’ ठरले. कारण सरळ आहे. हे डिटेक्टर शब्दांचा अंदाज किती सहज बांधता येतो ते बघतात, आणि परक्या भाषेत लिहिणारा माणूस जपून, ठरलेल्या शब्दांत लिहितो. पुढच्या पिढीतली काही साधनं सुधारली आहेत, पण टक्क्यांचा आकडा दाखवून कोणाला दोषी धरणं आजही अन्यायाचं आहे.

१३. मराठी मजकूर एआयचा आहे हे भाषेवरून तरी कळतं ना?

संशय येतो, सिद्ध होत नाही. ‘हे लक्षात घेणे महत्त्वाचे आहे की’ अशी सुरुवात, ऊठसूट ‘च्या द्वारे’, प्रत्येक परिच्छेदाच्या शेवटी एक सुविचार, तीन-तीन विशेषणांच्या जोड्या ही लक्षणं खरी आहेत. पण घाईत केलेला इंग्रजीवरचा अनुवाद, सरकारी परिपत्रकं आणि वर्षानुवर्षं तसंच वाचून घडलेली मराठी यांतही ती सापडतात. वाईट मराठी लिहायला माणसाला यंत्राची गरज कधीच नव्हती.

संशय असेल तर लेखकाशी दहा मिनिटं बोला. हा शब्द का निवडला, आधी काय होतं, कोणता भाग काढून टाकला? स्वतः लिहिणाऱ्याकडे काढून टाकलेल्या भागाबद्दल बोलायला नेहमी भरपूर असतं.

१४. माझ्यावरच खोटा आरोप झाला तर? मी स्वतः लिहिलं/काढलं हे कसं दाखवू?

कामाचा माग ठेवून. लिहिणाऱ्यांनी आवृत्त्यांचा इतिहास राखणाऱ्या साधनात लिहावं. नेहमीची चूक म्हणजे एकीकडे लिहून शेवटी सगळा मजकूर नव्या फाइलमध्ये एकदम चिकटवणं. इतिहासात मग पाच हजार शब्द एका सेकंदात अवतरलेले दिसतात. चित्रकारांनी लेयर न मिटवलेली फाइल ठेवावी. ‘प्रोक्रिएट’मध्ये कामाचं वेगवान चित्रीकरण आपोआप होतं, ‘क्रिटा’मध्ये ते चालू करावं लागतं. वहीतली कच्ची रेखाटनं, संदर्भ म्हणून काढलेले फोटो, टिपणं यांचे तारखेसह फोटो स्वतःलाच ईमेल करा. आरोप आल्यावर ‘डिटेक्टर काय म्हणतो’ यात शिरू नका (कारण प्रश्न १२ मध्ये). हा माग समोर ठेवा आणि आरोपाचा आधार लेखी मागा.

१५. अनुवाद एआयने झालाय, ‘फक्त तपासून द्या’ म्हणत अर्धा दर देतात. घ्यावं का?

‘फक्त तपासणं’ असं काही नसतं. कथेतल्या ‘आय वेंट’चं एका पानावर ‘मी गेले’ आणि पुढच्या पानावर ‘मी गेलो’ होतं, कारण बोलणारी बाई आहे हे मॉडेलला मागचं प्रकरण नजरेआड झाल्यावर आठवत नाही. सासऱ्यांना सून एका संवादात ‘तुम्ही’ म्हणते, दुसऱ्यात ‘तू’. म्हातारे गुरुजी कधी ‘म्हणाले’, कधी ‘म्हणाला’. हे सापडायचं तर मूळ पुस्तक ओळीने वाचावं लागतं, आणि वाक्य तोडून नव्याने लिहिणं हे कोऱ्या कागदावर लिहिण्यापेक्षा अनेकदा जास्त वेळ खातं. डोळ्यापुढचं वाक्य डोक्यातलं वाक्य येऊ देत नाही.

दर ठरवण्याआधी पुस्तकाच्या मधल्या भागातली दोन पानं मागा, पहिलं प्रकरण नको. एक पान तपासा, एक नव्याने करा, दोन्हींचा वेळ लावा. तासाचा हिशेब त्यावरून सांगा. आणि श्रेयात काय छापणार ते आधी ठरवा: अनुवादक, की संपादक? यंत्राच्या वाक्यांवर तुमचं नाव अनुवादक म्हणून छापलं गेलं तर चुकाही तुमच्याच खाती जमा होतात.

१६. गायकाच्या किंवा निवेदकाच्या आवाजाची एआय नक्कल केली तर?

संमतीशिवाय नाही, गंमत म्हणूनही नाही. आवाजाला कॉपीराइट नसतो, पण व्यक्तिमत्त्वाचे हक्क (आपलं नाव, चेहरा, आवाज कोणी वापरावा हे ठरवण्याचे) असतात. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये अरिजित सिंग यांच्या आवाजाची नक्कल करून देणाऱ्या साधनांना अंतरिम आदेशाने अटकाव केला. अमेरिकेत टेनेसी राज्याने त्याच वर्षी आवाजाला थेट संरक्षण देणारा ‘एल्विस कायदा’ केला. आवाज क्लोन करायला आता तीन सेकंदांचा नमुनाही पुरतो, असं मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी २०२३ मध्येच दाखवलं होतं.

निवेदकांनी संमती देताना चार गोष्टी लिहून घ्याव्यात: कोणत्या कामासाठी, किती काळ, कोणत्या भाषांत आणि काम संपल्यावर मॉडेल पुसलं जाईल का. राजकीय प्रचार व जाहिरात यांना वेगळी संमती.

अपवादही सांगायला हवा. पक्षाघातानंतर गाणं थांबलेल्या रँडी ट्रॅव्हिस या अमेरिकी गायकांनी २०२४ मध्ये एआयच्या मदतीने स्वतःच्या आवाजात नवं गाणं आणलं. संमती त्यांचीच, आवाजही त्यांचाच. इथे आक्षेपाला जागा नाही.

१७. आणि कलाकार हयात नसेल तर?

२०२४ मध्ये ए. आर. रहमान यांनी बंबा बाक्या आणि शाहुल हमीद या दिवंगत गायकांचे आवाज एआयने वापरले. दोघांच्या कुटुंबीयांची परवानगी घेऊन मोबदला दिल्याचं त्यांनी जाहीर केलं. इतकं तरी हवंच. तरीही वारसांची संमती म्हणजे कलाकाराची संमती नव्हे. तो गायक असं गाणं स्वीकारत होता का, हे त्याच्या हयातीतल्या निवडींवरून पाहावं. दिवंगत लेखकाची अपुरी कादंबरी एआयने पुरी करून त्याच्याच नावावर छापणं तर कुटुंबाने होकार दिला तरी करू नये. वाचकाला ते कोणाचं वाक्य आहे हे कधीच कळणार नाही.

१८. करारात नेमकं काय लिहून घेऊ?

आधी जुने करार काढून ‘सर्व माध्यमं, आज ज्ञात असलेली आणि पुढे येणारी’ असली ओळ शोधा. ट्रेनिंगचा हक्क बहुधा तिच्या आडून मागितला जातो. भारतीय कायद्याच्या कलम १८ मध्ये २०१२ पासून अशी तरतूद आहे की हस्तांतराच्या वेळी अस्तित्वात नसलेलं माध्यम करारात स्पष्ट नमूद नसेल तर ते हस्तांतरित होत नाही.

नव्या करारासाठी नमुना:

‘सदर कृती, पूर्णतः वा अंशतः, कोणत्याही एआय प्रणालीच्या प्रशिक्षणासाठी वापरावयाची झाल्यास लेखकाची स्वतंत्र लेखी संमती व स्वतंत्र मोबदला आवश्यक राहील. हा हक्क या करारान्वये हस्तांतरित होत नाही.’

दोन्ही बाजूंनी कलम हवं. प्रकाशकानेही ‘लेखक एआयनिर्मित मजकूर कळवल्याशिवाय देणार नाही’ असं मागणं रास्त आहे. हॉलिवूडच्या पटकथालेखकांनी २०२३ मध्ये १४८ दिवस संप करून मिळवलं ते असंच दुहेरी होतं: कंपनी एआय वापरायची सक्ती करू शकत नाही आणि एआयचा मजकूर हातात देताना तिने ते सांगितलं पाहिजे; लेखकालाही वापरायचं तर कंपनीची संमती लागते.

१९. एआयने दिलेला मजकूर कुठून तरी उचललेला निघाला, तर दोष कोणाचा?

छापणाऱ्याचा. ‘यंत्राने दिलं’ हा बचाव वाचकापुढे चालत नाही आणि न्यायालयातही त्यावर विसंबू नये. मजकुरातली वेगळी वाटणारी आठ-दहा शब्दांची वाक्यं अवतरणात घालून शोधा. चित्र उलट शोधातून काढा, मग आरशासारखं उलटं करून पुन्हा काढा. अवतरणं, पुस्तकांची नावं, पानांचे क्रमांक यांतलं प्रत्येक मूळ जागी जाऊन बघा. २०२५ च्या उन्हाळ्यात अमेरिकेत एका वृत्तपत्री पुरवणीच्या वाचनयादीतली बहुतेक पुस्तकं अस्तित्वातच नव्हती, लेखक मात्र सगळे खरे. ज्यांच्या नावावर न लिहिलेली पुस्तकं चढली त्यांनी कोणाकडे दाद मागायची?

२०. ग्राहकाला कल्पना दाखवायला एआयचं चित्र वापरलं, पुढे खरं चित्र चित्रकाराकडूनच काढून घेतलं. हे तरी चालतं ना?

वरवर निरुपद्रवी दिसतं, पण चित्रकारांच्या तक्रारी याबद्दलच जास्त येतात. ग्राहकाने गुळगुळीत, ‘पूर्ण’ चित्र एकदा पाहिलं की त्याला तेच हवं असतं, आणि चित्रकाराच्या वाट्याला विचार न येता नुसती नक्कल येते. शिवाय त्या एआय चित्रात कोणाच्या तरी चित्राचा ठळक तुकडा उतरलेला असला (प्रश्न २), तर तो चित्रकाराच्या हाताने, चित्रकाराच्या सहीखाली छापला जातो.

दाखवायचंच असेल तर चार-पाच वेगवेगळ्या दिशांची, मुद्दाम ओबडधोबड, काळीपांढरी चित्रं दाखवा. मोठी करू नका. त्याहून बरं म्हणजे रंगांचे नमुने, फोटो आणि शब्दांत वर्णन. चित्रकाराला ती चित्रं एआयची आहेत हे कळवा, ‘हे बाजूला ठेवून विचार केलास तरी चालेल’ असं लेखी द्या आणि रेखाटनाच्या टप्प्याचं मानधन कापू नका. ‘कल्पना तर आम्हीच दिली’ म्हणून ते कापणारे भेटतात. त्यांना प्रश्न ७ चं उत्तर पाठवावं.